चौथा ट्रॅक

शर्वरी भामरेचे पाय उलटे करायला
मला नऊ रात्री लागल्या.

एका सेकंदाला पंचवीस फ्रेम.
प्रत्येक फ्रेममध्ये घोट्याभोवती ठिपके टाकत जायचं,
पाय कापायचा, फिरवायचा, परत चिकटवायचा,
आणि डाव्या टाचेवरची पट्टी, नवी चप्पल चावल्याची,
तीही पुसायची.
हडळीला चप्पल चावत नाही.

शूटिंग मखमलाबादच्या कालव्याकडेला, बंद पंपहाऊसात.
उजेड गेल्यावरही ओजस घेतच राहिला,
म्हणून आमचा अंधार काळा नाही, करडा,
मुंग्या आल्यासारखा.
शर्वरी दात दाखवते तिथे मला
शॉट संपल्यावरचं तिचं हसू ऐकू येतं,
म्यूट केलं तरी.

आवाज सगळे घरातले.
मान मोडते तेव्हा खरं तर कोबी मोडतो,
पवननगरच्या बाजारातला, दहा रुपयांचा गड्डा.
वाळक्या पानांवरची पावलं म्हणजे
ताटातला चिवडा आणि माझी मूठ.
रक्त ठिबकतं तो मोरीतला नळ.
मम्मी दोनदा उठून बंद करून गेली,
दोन टेक वाया.

पण हडळ चालत येते तेव्हा खालून काहीतरी हवं होतं,
कानाला नाही,
बरगडीला ऐकू जाईल असं.
ते मी अंबडहून आणलं.
एका शेडच्या मागे, गटाराच्या कडेला,
फोन पत्र्याला टेकवून चाळीस मिनिटं उभा.
वॉचमन म्हणाला, काय रे, कोणाची वाट बघतो?
म्हटलं, भुताची.
मग सेकंड शिफ्टला ये, म्हणाला.

धप्प.
चौपट संथ केलं, वरचं सगळं छाटलं,
मधली सुरसुर साफ केली,
ठेवलं चौथ्या ट्रॅकवर,
प्रत्येक उलट्या पावलाखाली एक.

रविवारी पप्पांना हेडफोन लावून दिला.
हडळ बघून म्हणाले, ही भामरे सरांची ना? बारीक झाली.
मान मोडली तिथे म्हणाले, कोबी.
मग ती चालायला लागली
आणि पहिल्याच धप्पला
त्यांनी उजवा हात टेबलावरून असा ओढून घेतला
की चहाचा कप गेला.

त्या हाताला तीन बोटं आहेत.
उरलेल्या दोनांबद्दल आमच्याकडे बोलणं होत नाही.
बोलणं होतं ते त्या पैशातून भरलेल्या डिपॉझिटबद्दल,
उत्तमनगरच्या या फ्लॅटच्या,
ज्याच्या आतल्या खोलीत
गोधड्या टांगून मी स्टुडिओ केलाय.

मी बंद करायला गेलो.
राहू दे, म्हणाले. मागे घे.
पुन्हा लाव.
डोळे मिटून, मान तिरकी करून पाच वेळा ऐकलं,
मशीनमध्ये काय बिघडलंय ते ऐकावं तसं.
मग म्हणाले,
याच्या आधी फुस्स येतं. हवा सुटते.
ते तू कापलं.

कचरा होता तो, मी म्हटलं.

कचरा नाही.
तेवढ्यातच हात काढायचा असतो.

आणि उठून फडकं आणलं,
टेबल पुसलं,
कपाचे तुकडे मात्र मला उचलू दिले.

मी मूळ फाइल उघडली. सुरसुरीत शोधलं.
प्रत्येक पावलाआधी परत बसवलं.
अर्धा सेकंदसुद्धा नाही,
अकरा फ्रेम.
दोनदा मोजले. अकराच.

आता सहाला दहा कमी.
रेंडर चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडकलंय,
पंखा विमानासारखा.
पप्पा फर्स्टला निघाले, हल्ली क्वालिटीत असतात,
डब्याची पिशवी डाव्या हातात.
जिन्यावर त्यांची पावलं,
सरळ, एकेक पायरी.
खाली कंपनीच्या बसचं दार उघडतं,

फुस्स,

आणि मी मोजायला लागतो.